माटोळीत टांगलेलं स्नूकर

आमच्या गोठ्यात म्हैस नाही, स्नूकरचं टेबल आहे.

हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला अगदी सहज सांगते आणि माणूस दचकतो. आमच्या कुंभारवाड्यात गोठा रिकामा असू शकतो, पडका असू शकतो, पण त्यात हिरवं कापड घातलेलं सहा पायांचं टेबल असेल असं कुणाला वाटत नाही. वाडीतले लोक त्याला आजही ‘अक्काची हिरवी म्हस’ म्हणतात. (अक्का म्हणजे मी.)

ते आलं कसं, तर आमचे हे दांडेलीच्या एका क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे साहेबलोक खेळणार आणि हे गुण मांडणार, काठीच्या टोकाला लावायचा खडू पुढं करणार, पडलेले बॉल काढून परत टेबलावर ठेवणार. पुढं तो क्लब बंद पडला आणि सामान विक्रीला निघालं. कुणी खुर्च्या नेल्या, कुणी पंखे नेले. आमच्या ह्यांनी टेबल आणलं! टेम्पोतून, सुटं सुटं करून. त्याच्या पोटातल्या दगडी फरश्या उतरवायला अख्खी वाडी लागली.

“हे ठेवणार कुठं?” मी विचारलं.

“म्हस इकूया की,” हे म्हणाले.

मी भांडले. अंगणवाडीच्या बाईचं भांडण म्हणजे काय ते वाडीला ठाऊक आहे. पण म्हैस गेलीच. आणि नवल म्हणजे महिन्याभरात त्या टेबलाची गोडी मलाच जास्त लागली!

त्याचं कारण एक नियम. मी जन्मभर अंगणवाडीत एकच गोष्ट ओरडून सांगितली, “खेळून झालं की जागच्या जागी ठेवा!” एकाही कार्ट्यानं कधी ऐकलं नाही. आणि इथं मोठमोठे साहेब म्हणे हा नियम निमूट पाळत होते. लाल बॉल टेबलाच्या खिशात पडला की गेला, तो काही परत येत नाही. पण रंगीत बॉल पडला की त्याला आधी काढायचं, त्याच्या ठरलेल्या ठिपक्यावर ठेवायचं आणि मगच पुढचा टोला. त्याच्या ठिपक्यावर दुसराच बॉल येऊन बसला असेल तर? ह्यांनी मला समजावलं ते असं, “पंगतीत तुझ्या पाटावर दुसरं कोण बसलं तर काय करशील? जो रिकामा पाट सगळ्यात मानाचा, त्यावर बसशील. काळ्याचा पाट पहिल्या मानाचा, मग गुलाबीचा, मग निळ्याचा. असं उतरत जायचं.”

“आणि सगळेच पाट भरलेले असले तर?”

“तर आपल्याच पाटाला जवळात जवळ, काळ्याच्या अंगाला सरकून बसायचं. खरं कुणाला शिवायचं न्हाई.”

असा सोवळ्यातला खेळ मला आवडणार नाही तर काय! रोज चहा झाला की आम्ही गोठ्यात. मी रंगीत बॉल घातला रे घातला की वाकलेली कंबर सरळ करेपर्यंत ह्यांनी तो जागेवर ठेवलेला असायचा. जुनी सवय. मी कधी मागे वळूनही बघितलं नाही, बॉल कोण ठेवतंय ते.

हे गेले त्याला आता दोन-तीन पावसाळे झाले. मी अजून खेळते. एक टोला माझा, एक ह्यांच्या वाटणीचा, तोही मीच मारते. (ते जिंकले की मला राग येतो आणि हरले की वाईट वाटतं, म्हणजे दोन्हीकडून तोटाच.) पण रंगीत बॉल पडला की काठी टेकवायची, टेबलाला वळसा घालून जायचं, खिशात हात घालून बॉल काढायचा, ठेवायचा, परत वळसा घालून यायचं. त्या वळशात मला फार एकटं वाटतं. वाटतं ते वाटतं, त्यात लपवायचं काय?

माझा मुलगा महेश पुण्याला असतो. चवथीला येतो आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं जातो. ती बस चुकली की दुसऱ्या दिवसापर्यंत माणूस इथंच. आल्यावर तरी घरात असतो का? टेकडीवर एक धोंडा आहे, तेवढ्याच जागी मोबाईलला रेंज येते. माझा मुलगा चवथीला आईकडे येतो आणि धोंड्यावर राहतो!

यंदा मात्र मी त्याला फोनवर बजावलं होतं. पुरणपोळी नको, साडी नको, मला तुझ्याबरोबर एक अख्खा डाव खेळायचाय. पहिल्या टोल्यापासून काळा पडेपर्यंत. तो म्हणाला, “खेळूया की आये, नक्की.” लहानपणी बापाबरोबर खेळून त्याचा हात चांगला बसलेला आहे. मग काय! मी टेबलाचं कापड ब्रश मारून साफ केलं, बॉल मिठाच्या पाण्यानं धुतले आणि रंगीत बॉल परातीत घालून ओटीवर वाळत ठेवले. इथंच घात झाला.

आमचं थोरलं घर, त्यामुळं वाडीतल्या भाऊबंदांचा गणपती आमच्याकडं बसतो. गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधायची म्हणजे लाकडी चौकट टांगून तिला रानातली नि परसातली फळं लटकवायची. कवंडळं, तोरिंगं, आंबाडे, चिबूड, सुपारीची शिपटी म्हणजे घड. रानात जाऊन फळं आणायचं काम माझ्या धाकट्या दिराचं. यंदा भावजींचा पाय बांधावरून घसरून मुरगळला आणि ते ओटीवर पाय पसरून बसले. माटोळी निम्मी रिकामी. त्यांची बायको शेवंती, माझी धाकटी जाऊ, कामाला वाघीण आहे, पण तिला रिकामी जागा बघवत नाही. रिकामी जागा दिसली की ती काहीतरी भरतेच.

मी आत नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, तळत होते. बाहेर काय चाललंय मला काय माहीत! आरती सुरू झाली, मी हात पुसत आले, टाळ्या वाजवत भक्तिभावानं वर बघितलं, तर कवंडळाच्या शेजारी माझा गुलाबी बॉल! सुंभाच्या जाळीत, छान विणून टांगलेला. त्याच्या पलीकडं पिवळा. मग हिरवा, आंबाड्यांच्या घोसात. सुपारीच्या शिपटीत तपकिरी. मधोमध निळा. आणि एका कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब, काळा.

माझी टाळी थांबली. “शेवंते! हे काय?”

“कशी दिसायलीय बघ अक्का माटोळी!” शेवंती आरतीच्या चालीतच म्हणाली. “असले रंग रानात तरी घावतील काय!”

“अगं, आणि काळा?”

“त्यो दृष्टीचा.”

आरती संपल्यासंपल्या मी स्टूल आणलं. तर भावजी, ज्यांना दोन दिवस उभं राहता येत नव्हतं ते, ताडकन उभे! “वैनी, हात लावू नका. माटोळीला एकदा चढलं ते देवाचं. देव उठल्याबिगर खाली येत न्हाई.”

“अहो, ते फळ नव्हे, बॉल आहेत!”

“चढलं न्हवं? मग झालं.”

आणि ह्या गृहस्थांनी वर गाऱ्हाणंही घातलं. “बा देवा म्हाराजा, यंदा माझा पाय मुरगळला, रानात जाऊ झालं न्हाई. खरं वैनीनं आपल्या गोठ्यातली फळं तुझ्या चरणी घातलीत, ती गोड मानून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळी वाडी म्हणाली. महेशही म्हणाला! आता देवासमोर मी कसं म्हणू, की घातली नाहीत, चोरली?

पाच दिवसांचा गणपती. पाच दिवस महेश घरात आणि माझे बॉल छताला! नुसत्या लाल बॉलांनी स्नूकर खेळता येत नाही. एक लाल घातला की पुढं रंगीतच लागतो. मी हार मानणाऱ्यातली नाही. पिवळ्याच्या जागी लिंबू ठेवलं, तपकिरीच्या जागी सुपारी, हिरव्याच्या जागी आंबाडा. महेशनं पहिलाच टोला असा हाणला की लिंबू फुटलं आणि रस कापडावर! आंबाडा घरंगळत गेला तो दाराबाहेर, आणि तो कोंबडीनं पळवला.

“आता ह्यो आंबाडा कुठल्या जागेवर ठेवायचा गं आये?” महेशनं विचारलं.

मी चिडले. तो हसला आणि मोबाईल घेऊन धोंड्यावर गेला. मी कापडावरचा लिंबाचा डाग पुसत बसले. घरात पाच दिवस माणसं होती, पंगती होत्या, भजनं होती, आणि मला मात्र गोठ्यात जाऊन रडावंसं वाटत होतं. वर्षभर ज्याची वाट बघावी तो दिवस येतो आणि धोंड्यावर जाऊन बसतो, ह्याला काय म्हणावं?

विसर्जनाला आम्ही सगळे नदीवर गेलो. मी देवाला म्हटलं, “जा बाबा सुखानं, आता माझे बॉल सुटले.” घरी येऊन बघते तर माटोळीची नुसती चौकट! आमच्यात माटोळीची फळं घरोघर वाटतात, ती शेवंतीनं पुढं येऊन वाटूनसुद्धा टाकली होती. ह्या बाईचा उरक बघून मला नेहमी धडकी भरते, ती उगीच नव्हे.

“सगळी दिलीस?”

“सगळी. कुणाला कमी न्हाई, जास्त न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी महेशनं बॅग भरली आणि म्हणाला, “आये, बशीला येळ हाय. चल, तुझे बॉल हुडकून देतो, मग जातो.” म्हणजे बॉल देणार आणि जाणार. डाव नाहीच! मी चप्पल घातली आणि निघाले.

आमच्याकडं घरं अशी की एक ह्या टेकाडावर, दुसरं ओहोळापलीकडं, तिसरं शेताच्या पार टोकाला. पिवळा ओहोळापलीकडं गेल्याचं रात्रीच कानावर आलं होतं. ओहोळ ओलांडला तोच परसात कुदळ घेऊन उभे असलेले एक शेजारी ओरडले, “अक्का! ते गुलाबी फळ कसलं गं? दातानं फुटंना, कोयत्यानं कापंना. म्हटलं बी धरूया. पुरलंय बग हितं, शेणखत घालून!”

महेश थांबला. “आये, गुलाबी हितंच हाय. घेऊया की उकरून.”

“नको. आधी पिवळा.”

“का?”

“लाल संपले की रंगीत ओळीनंच घ्यायचे. पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा, गुलाबी, काळा. तुझ्या बापानं शिकवलंय.”

“अगं आये, आपण खेळायलो न्हाई, हुडकायलोय!”

“नियम तो नियम.”

पिवळा मिळाला. त्या घरात तो देव्हाऱ्यात बसला होता, अंगाला हळद-कुंकू, समोर दुर्वा. पूजा झालेला देव उठवायचा म्हणजे आधी नारळ फोडायला हवा. नारळ फुटला, खोबरं वाटून झालं, चहा झाला. “अक्का, किती दिवसांनी आलीस गं,” असं म्हणून तिथल्या सुनेनं माझी ओटी भरायला तांदूळ आणले आणि मग ‘अगं बाई’ म्हणून परत नेले. मीच म्हटलं, “तांदूळ राहू दे, पोहे कर.” मग पोहे झाले.

हिरवा, तिथं कळलं, आमच्याच घराच्या मागच्या अंगाला होता, म्हणजे आलो तसे परत. तिथल्या म्हातारीनं तो आंबाड्यांबरोबर खारात घातला होता. “मुरला की मऊ येईल,” म्हणाली. बरणीत हात घालून महेशनं तो काढला. वर, रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून अर्धी बरणी लोणचंही पदरात पडलं.

तपकिरी पुन्हा ओहोळापलीकडं. एक आजोबा तो तळपायाखाली घालून मागं-पुढं फिरवत बसले होते आणि त्यांच्या टाचेचं दुखणं म्हणे कालपासून निम्म्यानं कमी झालं होतं. त्यांना आमच्या घरातलं लाटणं कबूल करून बॉल सोडवला. निळा अलीकडं, म्हशीच्या गळ्यात. म्हैस चरायला गेलेली! ती रानातून परत आणेपर्यंत पुन्हा चहा. महेश एकदा घड्याळ बघायचा, एकदा माझ्याकडं.

“आये,” ओहोळ कितव्यांदा तरी ओलांडताना तो म्हणाला, “तू मुद्दाम करायलीस काय गं?”

“मी? छे!”

“ओळीनं न जाता आलो असतो तर मगाशीच झालं असतं.”

“मग जा की. बॅग भरलेलीच आहे तुझी.” माझा आवाज चढला. “दर वर्षी भरलेलीच असते. रिकामी करतोस कधी ते मला अजून दिसलं नाही.”

माझ्या पदरात चार बॉल खडखडत होते. मला वाटलं, आता हा खरंच जाईल, आणि माझ्या ह्या जिभेला कुणीतरी खारात घालून ठेवायला हवं. पण त्यानं माझा हात धरला आणि मला ओहोळाच्या दगडावरून पलीकडं उतरवलं.

गुलाबी उकरून काढला. शेजाऱ्यांना फार वाईट वाटलं. “चार दिस ऱ्हाऊ दे, कोंब येतोय का बगू,” म्हणत होते. एवढ्यात वळणावर बसचा हॉर्न ऐकू आला. महेशनं बसच्या दिशेनं बघितलं, मातीनं भरलेल्या हातातल्या बॉलकडं बघितलं, आणि खाली बसून तो बॉल शेतातल्या पाण्यात धुवायला लागला. चांगला घासून घासून. बस गेली. मी मुद्दाम दुसरीकडं बघत होते.

“आता काळा ऱ्हायला,” तो म्हणाला. “त्यो कुणाकडं?”

काळा शेवंतीकडं होता. आमच्या भिंतीला भिंत लागून घर! दारावर टांगलेला.

“अगं, सकाळीच सांगायचं न्हाई व्हय!” महेश ओरडला.

“तुझ्या आयेनं मला कुठं इचारलं? ती तर पिवळं पिवळं करत ओहोळाकडं पळाली!”

तर अशा रीतीनं, दुपार कलल्यावर, आमचा डाव सुरू झाला. महेशनं बॅग कोपऱ्यात ठेवली, शर्टाच्या बाह्या दुमडल्या. हिरव्या बॉलला खाराचा वास येत होता आणि पिवळ्याला हळदीचा. मी खेळले बाई! अशी खेळले की ह्यांनी बघायला हवं होतं. माझे दोनदा गुण गेले, एकदा त्याचे गेले, आणि ‘काठी बॉलला लागली’, ‘न्हाई लागली’ ह्यावरून आम्ही असे भांडलो की शेवंती धावत आली. तिला वाटलं, वाटणीवरून चाललंय.

बघता बघता लाल बॉल संपले आणि सहा रंगीत उरले. इथून पुढं नियम फिरतो. लाल संपले की रंगीत बॉलही पडला तो गेला, परत ठेवायचा नाही. पिवळ्यापासून ओळीनं एकेक घालवायचा, काळा गेला की डाव संपला. महेशनं पिवळा घातला. मी जाऊन तो खिशातून काढला आणि ठिपक्यावर ठेवला.

“आये, आता ठेवायचा न्हाई.”

“कोण म्हणतं?”

“बाबा म्हणायचे.”

“तुला नीट आठवत नाही. तू लहान होतास.”

त्यानं पिवळा पुन्हा घातला. मी पुन्हा ठेवला. काठीला खडू घासत मी गोठ्याच्या कौलांकडं बघत राहिले. मला त्याच्याकडं बघायचं धाडस नव्हतं. डाव संपला असता, दिवे लागले असते, सकाळ झाली असती, आणि पुन्हा मी आणि टेबल. त्यानं पिवळा परत घातला, मग हिरवा घातला, आणि ह्या वेळी मी वळसा घालायच्या आत त्यानंच खिशात हात घालून हिरवा काढला.

“ह्यो हितंच न्हवं?” असं म्हणून त्यानं तो जागेवर ठेवला. अगदी ठिपक्यावर.

मी मान हलवली.

“उद्याच्या बशीनं जातो,” तो म्हणाला. “न्हाईतर परवाच्या.”

मग आम्ही दोघं मिळून बॉल ठेवत गेलो. निळा किती वेळा बसवला, गुलाबी किती वेळा, देव जाणे. शेवंती दोनदा जेवायला बोलावून गेली. शेवटी मीच दमले आणि काळा पडू दिला. महेशनं गुणांची बेरीज केली आणि पोट धरून हसायला लागला. त्यानं मला असं धुऊन काढलं होतं, असं, की ह्यांच्या क्लबातल्या साहेबांनाही कुणी तसं हरवलं नसेल!

कसं काय, ते मला अंथरुणावर पडल्यावर उमगलं. बॉल घालत होता तो, आणि लबाडी करून परत ठेवत होते मी. मी परत ठेवलेल्या प्रत्येक बॉलचे गुण त्यालाच मिळत होते!